सिलिंडरला केलेलं पॉलिश

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली तेव्हा माझ्या पिशवीत नऊ किलोचं सिलिंडर हेड होतं. सिलिंडर हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. ते घेऊन मी लिफ्टमध्ये काय करत होते, असं कुणीही विचारेल. आमची दातांची लॅब चौथ्या मजल्यावर आहे, मी तिथे कवळ्या बनवते. लॅबमध्ये हत्यारं धुवायचं एक गरम पाण्याचं यंत्र आहे, त्यात कसलीही घाण निघते. म्हटलं, बाबांच्या गाडीच्या हेडवरची काजळीही निघेल. पण हेड यंत्रात मावलंच नाही. वर मालकांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मुकाट्याने पिशवी उचलली आणि खाली निघाले. तेवढ्यात लिफ्ट बंद पडली.

पाच मिनिटं मी उभी राहिले. मग फतकल मारून खाली बसले आणि हेड मांडीवर घेतलं.

अर्ध्या तासाने वरचं दार किलकिलं झालं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या निळ्या गणवेशातला एक माणूस पालथा पडून आत डोकावला. घाबरलात का, पाणी हवंय का... काही नाही. त्याच्या टॉर्चचा उजेड माझ्या तोंडावरून खाली मांडीवर गेला आणि तिथेच थांबला.

"हे हेड कुठल्या गाडीचं?"

"आधी मला बाहेर काढा," मी म्हटलं.

"काढतो हो. पण व्हॉल्व्हच्या बैठका पार गेल्यात बघा."

"अजून थोडा वेळ इथे ठेवलंत तर मीही जाईन."

तो हसला. मग हात खाली करून म्हणाला, "द्या." मी हात पुढे केला. त्याने आधी हेड घेतलं, नीट बाजूला ठेवलं, आणि मग मला वर ओढलं. ही गोष्ट मी अजून विसरलेले नाही, आणि त्यालाही विसरू देत नाही.

गाडी आता चालते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच त्या काळजीत राहणार नाही. माझी काळजी वेगळीच होती.

गाडी बाबांची. मी शाळेत असल्यापासूनची. बाबा नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने इंजिन खोललं, प्रत्येक नट डबीत घालून वर सुंदर अक्षरात चिठ्ठी लावली, आणि मग त्यांचे हात थरथरायला लागले. दोन वर्षं सगळं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून होतं. आई रोज म्हणायची, "एक तर ते जोडा, नाहीतर मला कपडे वाळत घालायला जागा द्या." शेवटी मीच बाह्या सरसावल्या. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बारीक काम करायची सवय होती.

लिफ्टवाल्याने तिथेच माझ्याकडून पत्ता मागून घेतला होता, पुढच्याच शनिवारी तो हजर झाला. "नुसतं बघून जातो," म्हणाला. तो भाड्याच्या एका खोलीत राहायचा. तिथे पाना ठेवायलाही जागा नव्हती, आणि इंजिनाचं वेड तर लहानपणापासूनचं. बघून जातो म्हणणारा माणूस संध्याकाळी सात वाजता हात धुवायला साबण मागत होता. त्यानंतर प्रत्येक शनिवारी आणि रविवारी तो यायचाच. बाबा शेडच्या दारात खुर्ची टाकून, भिंग डोळ्याला लावून, गाडीचं माहितीपुस्तक मोठ्याने वाचायचे. आम्ही दोघं आत पत्र्याखाली घामाघूम.

"तुम्ही डॉक्टर आहात का?" त्याने पहिल्या दिवशी विचारलं.

"नाही. मी दात बनवते, काढत नाही."

"मग बरं. डॉक्टरांची मला भीती वाटते."

"आणि दहाव्या मजल्यावर दोरीला लटकायची नाही वाटत?"

"दोरी विश्वासाची असते हो. डॉक्टरांचं काय सांगता येतं..."

असं आमचं बोलणं. फार काही नाही, पण सोमवारी कामावर बसले की मला तेच आठवायचं आणि मी कवळीकडे बघून एकटीच हसायचे.

व्हॉल्व्ह बसवायचं काम त्याने मला शिकवलं. व्हॉल्व्हच्या कडेला खरखरीत लेप लावायचा, वर रबरी चोखणी असलेली काठी चिकटवायची आणि ती दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी घुसळायची, व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक एकमेकांना अगदी घट्ट बसेपर्यंत. "असं नाही... हलक्या हाताने," असं म्हणत त्याने माझ्या हातांवर हात ठेवले. बाबांचं वाचन अचानक थांबलं. त्याने हात असे काढले की जणू चटका बसला. बाबांनी पान उलटलं आणि पुढे वाचायला लागले.

आठही व्हॉल्व्ह मीच बसवले. मग हेड उलटं ठेवून आम्ही त्यात रॉकेल ओतलं. बैठक चुकली असेल तर रॉकेल झिरपतं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. खाली ठेवलेला कागद कोरडाच. तो खाली वाकून बघत होता, आणि एकदम ओरडला, "अगं, बघ ना! एक थेंब नाही!"

आणि गप्प झाला. तोवर आम्ही 'अहो-जाहो'त होतो.

"म्हणजे... बघा ना," तो म्हणाला.

"बघ म्हटलं तरी चालेल," मी म्हटलं, आणि उगाचच चिंधीने हात पुसत बसले. हात स्वच्छच होते. मी प्रेमात पडले होते, सरळ सांगते. बत्तिसाव्या वर्षी, रॉकेलच्या वासात.

आईने एकदा विचारलंच, "हा कोण तुझा?" मी म्हटलं, "मित्र." आई म्हणाली, "बरं," आणि त्या दिवसापासून चहाचे तीनऐवजी चार कप यायला लागले.

असे चार महिने गेले. मग एका रविवारी तो एकच नट घट्ट करतोय, करतोय. मान खाली ठेवूनच म्हणाला, "मला बढती आलीय. मुख्य मेकॅनिक. पण... दुसऱ्या शहरात. रात्रभर प्रवास करून जावं लागतं तिथे."

आणि मी काय म्हटलं माहीत आहे? "अरे वा! अभिनंदन!"

"थँक्यू," तो म्हणाला.

"कधी जायचं?"

"पुढच्या सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. हो म्हटलं तर महिन्याभरात. तोवर इंजिन जोडून देतो. अर्धवट टाकून नाही जाणार."

"हो, अर्धवट नको," मी म्हटलं. दोघंही इतके शहाण्यासारखे बोलत होतो की बाबांनी भिंग खाली करून आमच्याकडे पाहिलं.

बुधवारी मला लॅबमध्ये उशीर झाला. इंजिन वेळेत संपवायचं म्हणून तो मधल्याच दिवशी आला होता, आणि मी घरी पोचले तेव्हा सिलिंडरांचं काम करून निघूनही गेला होता. मी शेडमधला दिवा लावला आणि आत डोकावले. सिलिंडर म्हणजे चार गोल विहिरी, त्यांत दट्टे वरखाली होतात. त्या चारही विहिरींच्या भिंतींवर रेघाच रेघा! तिरप्या, एकमेकींवरून गेलेल्या. मला वाटलं, घाईत काम उरकलं बिचाऱ्याने. मन थाऱ्यावर नसणार. माझं तरी कुठे होतं?

आमच्या धंद्यात कवळीवर एक रेघ राहिली तर ती परत येते. जिभेला कळते. पॉलिश हे माझं खास काम. मालक कितीही कुरकुरले तरी शेवटचा हात माझाच फिरवून घेतात. गुरुवारी आणि शुक्रवारी मी रजा टाकली. लॅबमधलं माझं छोटं मोटर-यंत्र, दाबलेल्या लोकरीच्या चकत्या आणि पॉलिशची पेस्ट घरी आणली. दोन दिवस त्या विहिरींत हात घालून बसले. पाठीचा काटा ढिला झाला. जाणाऱ्या माणसाला देण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काय होतं? माझं मन मला त्याला सांगता येत नव्हतं, पॉलिश मात्र येत होतं. शुक्रवारी संध्याकाळी सिलिंडरात माझं नाक दिसत होतं.

शनिवारी तो आला. टॉर्च लावून पहिल्या सिलिंडरात बघितलं. मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. मग पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, भारावला.

"हे कोणी केलं?"

"मी. छान झालंय ना?"

तो पालथ्या बादलीवर बसला. "अगं... त्या रेघा मी मुद्दाम काढल्या होत्या."

"मुद्दाम? का?"

"त्या रेघांत तेल धरून राहतं. भिंत गुळगुळीत झाली की तेल टिकत नाही, दट्ट्यांवरच्या रिंगा नीट बसत नाहीत. इंजिन नुसता धूर ओकतं." त्याने कपाळाला हात लावला. "आता सगळं पुन्हा. पुन्हा रेघा, पुन्हा धुणं, पुन्हा मापं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबा दारातून म्हणाले, "पान एकशे बारावर लिहिलंय ते. मी वाचणारच होतो." मग काय वाटलं कोण जाणे, खुर्ची उचलून ते घरात गेले.

तो जमिनीकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "एक विचारू? तू हे... मुद्दाम केलंस का? मी थांबावं म्हणून?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. आशा होती, मला नक्की ऐकू आली. 'हो' म्हणाले असते तर किती सोपं झालं असतं!

"नाही," मी म्हटलं. "चुकूनच केलं. अक्कल नाही म्हणून केलं. पण मुद्दाम करायचं सुचलं असतं ना, तर तेही केलं असतं."

त्याने वर पाहिलं. मग तो उठला, रेघा काढायचं हत्यार पिशवीत टाकलं, "येतो" म्हणाला आणि गेला. चहाचे चार कप घेऊन आई दारात उभी होती, तिला ओलांडून गेला.

रविवारी आला नाही. चार महिन्यांत पहिल्यांदाच. मी फोन हातात घेतला आणि ठेवला, घेतला आणि ठेवला. बाबा म्हणाले, "कर की." मी म्हटलं, "काय बोलू?" बाबा खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसले.

सोमवारी मी दोन कवळ्या बिघडवल्या आणि लवकर घरी आले. कपडे बदलून शेडमध्ये गेले तर तो आत उभा. गणवेशात, चेहरा प्रवासाने काळवंडलेला, हातात तीच पिशवी.

"कुठे होतास?" माझा आवाज चढलाच.

"ताईकडे. गावाला." त्याची ताई म्हणजे त्याची आईच जवळजवळ, तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं. "या बढतीची वाट माझ्यापेक्षा तीच जास्त बघत होती. तिला फोनवर सांगण्यासारखं नव्हतं."

"काय सांगण्यासारखं?"

"की मी नाही म्हणणार आहे. सकाळी ऑफिसात जाऊन लिहून दिलं. नाही जात मी."

मी मटकन बादलीवर बसले. पहिल्यांदा आनंद झाला, खोटं कशाला बोलू! आणि त्याच्या पाठोपाठ असा राग आला...

"मला न विचारता? मूर्ख आहेस का तू? इतकी वर्षं खपलास त्या जागेसाठी. मला एका शब्दाने विचारलं असतंस तर मी आले असते की तिकडे! माझं काय, दात सगळीकडेच पडतात!"

तो बघतच राहिला. "आली असतीस?"

"असती म्हणजे? उद्याही येईन."

"आई-बाबांना सोडून?"

या प्रश्नावर मात्र बाबांचे हात डोळ्यांसमोर आले. तोही समजला.

"म्हणूनच नाही विचारलं," तो म्हणाला. "तू हो म्हणाली असतीस आणि रोज आतल्या आत झुरली असतीस. बढती पुन्हा येईल, नाही आली तर नाही आली. लिफ्टा इथेही बंद पडतात. हे बघ, तुझ्यासाठी थांबलो असं मी कधीही ऐकवणार नाही. मला थांबायचंय. माझ्यासाठी थांबतोय मी."

मला रडू आलं. तेलकट चिंधीनेच डोळे पुसले.

"ताई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"दिवसभर बोलली नाही. आज पहाटे गाडीत बसवताना विचारलं, ती मुलगी तुला काय म्हणाली? मी म्हटलं, अजून काही म्हणाली नाही. मग तर फारच चिडली." तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "आणि खरंच आहे ते. 'सुचलं असतं तर केलं असतं' ही काय बोलायची पद्धत झाली? मी नोकरीला लेखी नाही म्हणून आलोय. तू निदान एक वाक्य सरळ बोल."

घरातून बाबांचा खोकला ऐकू आला, आणि आईचं "शूः". दोघंही खिडकीशीच होते. असू देत, म्हटलं.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "शनिवार-रविवारपुरता नाही. रोज हवा आहेस."

लिफ्टमधून हेड बाहेर घेतलं होतं तितक्याच जपून... छे, त्याहून कितीतरी जास्त जपून त्याने माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला. मी ते हात घट्ट धरून ठेवले.