वचनमित्राला काय कळत होतं?

मम्मीच्या हृदयाचं ऑपरेशन उद्यावर आलं होतं आणि वचनमित्र तिर्झाला सलग अकराव्यांदा बायबलमधलं मृत्यूचंच वचन दाखवत होता. या फोनला सगळं कळत होतं तरी कसं?

साल होतं २०४३. पूर्वी जालन्याच्या त्यांच्या चर्चच्या मंडळीत नव्या वर्षी प्रत्येक जण डब्यातून वचनाची एक चिठ्ठी उचलायचा आणि वर्षभर जपायचा. यंदा तरुण संघाच्या उत्साही पोरांनी चिठ्ठ्या बंद करून 'वचनमित्र' हे ॲप आणलं. झकास गाणं, हलतं चित्र, खाली वचन. रीलसारखं सरकवत राहायचं. चिठ्ठीतून देव बोलतो, हे तिर्झाच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. तिनं ॲपलाही तोच मान देऊन टाकला.

"आजोबा, मम्मीला ऑपरेशनला जाऊ देऊ नका! देव आधीच सांगतोय!" ती रडतच म्हणाली.

आजोबांची हयात संगणकशास्त्र शिकवण्यात गेली होती. त्यांनी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. स्वतःच्या फोनवर ॲप नव्यानं उघडून तिच्या हाती दिलं. "भाकरीचं वचन आलं की थांब. बाकीची भराभर सरकव."

पंधरा मिनिटांत पडद्यावर भाकरी, मासे, मेजवानी आणि पुन्हा भाकरी!

"देवाला भूक लागली का गं?" आजोबा म्हणाले. "याला शिफारस-यंत्रणा म्हणतात (आपण कशावर रेंगाळतो ते मोजून तसंच आणखी दाखवणारी व्यवस्था). पहिलं मृत्यूचं वचन सहज आलं. तू घाबरून थांबलीस. यंत्रानं धरून चाललं, पोरीला हेच हवंय. दुसरं आलं, तू आणखी थांबलीस."

"म्हणजे त्याला उद्याचं काहीच माहीत नाही?"

"काही नाही. तू किती वेळ थांबलीस, एवढंच माहीत."

"मग मम्मी वाचेल ना?"

आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "ते मलाही ठाऊक नाही, बाळा. डॉक्टर चांगले आहेत. मी प्रार्थना करतोय."

तिर्झा मम्मीच्या खोलीत धावली. मम्मी पलंगावर बसली होती. बॅग अजून रिकामीच होती.

"तिर्झा, ऑपरेशन पुढे ढकलू या का?" मम्मीनं आपला फोन पुढे केला. "कालपासून हेच येतंय बघ."

पडद्यावर मृत्यूचं वचन होतं. तिर्झाची नजर त्यावर खिळली. मग तिच्या लक्षात आलं. मम्मीही अशाच वचनांवर थांबत होती, एकटीच. यंत्रानं ते मोजलं होतं. घरात मात्र तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिनं फोन बाजूला ठेवला.

"मम्मी, तुला भीती वाटते?"

मम्मीला हुंदका फुटला. "खूप गं."

"मलाही," तिर्झा तिला बिलगून म्हणाली. "हे कसं चालतं ते मी तुला सांगते. मग आपण बॅग भरू."