काठावरच्या टाळ्या

उमरखेडपासून अर्ध्या तासावरच्या धरणात चंद्रशेखर साहेबांची सहलीची छोटी बोट असायची, आणि तिचं इंजिन रहमत मेकॅनिकच्या हातचं. त्या संध्याकाळी दोघं निघाले ते इंजिनचा आवाज तपासायला. साहेब निवृत्त इंजिनियर. शिकवायची हौस दांडगी. बोटीवरच्या पेटीतली, संकटात मदत मागायची नवी लाल मशाल दाखवत त्यांनी पाठ सुरू केला.

"दिवसा नारिंगी धूर, अंधारात ही. कोणी बघेल असं वाटल्याशिवाय पेटवायची नाही. हात बोटीबाहेर, वारा पाठीशी, तोंड फिरवून. समजलं?"

रहमतनं खाली बघतच मान हलवली. मागच्या वैशाखात याच पेटीत त्यानं मशालींऐवजी लग्नात उरलेले रॉकेट भरले होते. उजेड पडल्याशी मतलब! साहेबांचा पुतण्या क्षितिज एकटाच बोट घेऊन गेला, तिच्यात पाणी भरायला लागलं, तेव्हा त्यानं तेच उडवले. काठावरच्या वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या आणि क्षितिज बुडाला. वाजवणाऱ्यांत रहमतही होता. पेटीत रॉकेट कोणी भरले, हे साहेबांना ठाऊक नव्हतं.

मधोमध आल्यावर बुडालेल्या झाडाचा खुंट बोटीच्या तळाला लागला. खर्रर्र... आणि पायाशी पाणी आलं. इंजिन बंद पडलं. उजेड झपाट्यानं उतरत होता. पाण्याला कुजक्या पानांचा वास येत होता.

दूर काठावर माणसं दिसली तशी साहेबांनी मशाल पेटवली. सगळं पाणी लाल झालं. काठावर बॅण्ड वाजत होता.

आणि टाळ्या ऐकू आल्या.

रहमत साहेबांकडे वळला. पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं होतं. "साहेब... मागच्या साली पेटीत रॉकेट म्याच टाकलेते."

साहेबांनी मशाल विझेपर्यंत धरून ठेवली. मग त्यांनी शेवटची मशाल त्याच्या हातात दिली. "ही तू पेटव."

त्यानं ती पेटवून हात बोटीबाहेर धरला. लाल उजेडातून एक डोंगा येताना दिसला. पिंटू मासेमार होता.

"या, या लवकर!"

दोघं डोंग्यात चढले. पिंटू मात्र वल्हं हलवेना. पाण्यात वाकून बघत राहिला.

"तिसरा कुठी हाये?"

"आम्ही दोघंच आहोत," साहेब म्हणाले.

"असं कसं? काठावर वल्लाचिंब माणूस आला न. तोच बोलला, ते लग्नाचं नोहे, तिथं तिघं बुडून राह्यले म्हून. मी डोंगा काढला तं तो पाण्याकडंच चालत गेला..."

 रहमतनं मागं वळून काळ्या पाण्याकडे पाहिलं.

तेवढ्यात डोंगा एका अंगाला कलला, कडेला धरून कोणी वर चढावं तसा. मग हळूच सावरला.

चंद्रशेखर साहेब फळीवर थोडं सरकून बसले.