सलाईनखालचे दिवस

उज्जैनच्या टॉवर चौकातल्या एसटीडी बूथमध्ये तो काचेच्या केबिनमधून तिसऱ्यांदा हात हलवत बाहेर आला, तेव्हा मृणालला हसू आवरेना.

पंच्याण्णव सालचा डिसेंबर. दिवेलागणीची वेळ, दुपारपासून मावठ्याची भुरभुर, आणि फ्रीगंजच्या गाड्यांवर तळल्या जाणाऱ्या गराडू कंदाच्या फोडींचा खमंग वास. मृणालला पुण्याला भावाशी बोलायचं होतं आणि हा गृहस्थ काही केल्या केबिन सोडत नव्हता. उंच, सावळा, गळ्यात निळा मफलर. नंबर लावायचा, चुकायचा, स्वतःशीच पुटपुटायचा...

"मॅडम," तो अगदी अदबीनं म्हणाला, "आपकी एक उँगली मिलेगी? बस दो मिनट के लिए."

"काय?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"अरे वा, मराठी निघालात! मग तर हक्कच झाला. जरा नंबर लावून द्या ना. माझी बोटं आज रुसून बसलीत."

तिनं त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली. "मुलीकडच्यांना करताय वाटतं. इतकं काय घाबरायचं?"

"मुलीकडचे? छे हो! रतलामला बहीण आहे माझी. पण मुलीकडच्यांपेक्षा जास्त भीती तिचीच वाटते."

मृणालनं नंबर लावून दिला आणि बाहेर येऊन उभी राहिली. केबिनचं दार काही नीट लागत नव्हतं, आणि रतलामपर्यंत आपला आवाज आपल्यालाच पोचवायचा आहे अशा समजुतीनं तो बोलत होता.

"अक्का, मी विहंग. सोडली... हो, पक्का. परवा रात्रीपासून थेंब नाही. तुझ्या गळ्याची शपथ, अक्का!"

मृणालचं हसू मावळलं. आता कुठे तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता. रिसीव्हर धरलेला हात थरथरत होता, आणि तो हलू नये म्हणून दुसऱ्या हातानं त्यानं मनगट घट्ट धरलं होतं.

तो बाहेर आला तो एकदम मोकळा होऊन. "थँक्यू हं. तुमच्या बोटाचे उपकार. एक चहा तरी—"

"परवा रात्री किती वाजता घेतली शेवटची?"

"...दहाच्या सुमारास. का? तुम्ही सीआयडीत आहात का?"

"रोज किती घेत होतात?"

त्यानं नजर चुकवली. "ते नका विचारू."

मृणालनं मनातल्या मनात हिशेब केला. चव्वेचाळीस तास. "चला."

"कुठे?"

"दवाखान्यात."

"पहिल्याच भेटीत?" तो हसला. ओठ कोरडे पडले होते, तरी हसला. "लोक आधी पिक्चरला जातात, मॅडम."

"तुम्ही आत्ता घरी गेलात, तर उद्या कुठेच जाऊ शकणार नाही," ती म्हणाली, आणि हात वर करून तिनं ऑटो थांबवला.

ऑटोत त्यानं दोनदा विचारलं, तुम्ही कोण, तुम्हाला हे कसं कळतं... तिनं ऑटोवाल्याला माधवनगर सांगितलं. काय सांगणार होती? दोन वर्षांपूर्वी तिनं स्वतःच नवऱ्याला, सुहासला, शपथ घातली होती. दोन वर्षांच्या इशिताला पुढे उभं केलं, त्याचा हात धरून तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, आता बोला. तो बोलला. आणि खरंच त्यानं बाटलीला हात लावला नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी सुहास चहाचा कप हातात घेऊन उठला आणि तसाच कोसळला. आकडी आली, मग दुसरी, मग तिसरी... दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. श्रीपाद डॉक्टर नंतर म्हणाले होते, "इतकी वर्षं रोज पिणाऱ्याची एकदम बंद करायची नसते, बेटा. औषधाखाली, देखरेखीखाली, हळूहळू उतरवावी लागते. तुला कोणी सांगितलं नाही?"

कोणी सांगितलं नव्हतं. बी.एस्सी. झालेली होती ती, पण कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच डॉक्टरांच्या माधवनगरातल्या दवाखान्यात ती आता काउंटरवर बसायची, नऊ ते दोन. इशिताची बालवाडी सुटली की रिक्षावाला तिला तिथेच आणून सोडायचा.

विहंगला चार नंबरची खोली मिळाली. डॉक्टरांनी नाडी धरली, जीभ बघितली, हात पुढे करायला लावले आणि सलाईन लावायला सांगितलं. "ऐक, भाई. दारू सोडणं ही लांबची गोष्ट आहे. इथे मी ती फक्त तुझ्या शरीरातून सुखरूप उतरवणार. दहा दिवस. मग इंदोरच्या व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने, खरं काम तिथे. मध्ये एक थेंब जरी गेला, तर पुन्हा पहिल्यापासून. समझे?"

"समझे," विहंग म्हणाला, आणि मृणालकडे बघून हळूच, "पाहुणचार जोरदार आहे हो तुमचा."

पुढचे दोन दिवस प्रेमकथेत सांगण्यासारखे नव्हतेच. त्याला छतावर मुंग्या दिसत. लाल मुंग्या, रांगेनं भिंतीवरून उतरणाऱ्या, ब्लँकेटमध्ये शिरणाऱ्या. तो त्या झटकायचा, सलाईनची सुई निघायची, सिस्टर ओरडायची. शेवटी मऊ पट्टीनं हात पलंगाला बांधावे लागले. मृणालला तो कधी अक्का म्हणायचा, कधी आई. ती सकाळी आली की आधी चार नंबरच्या दारातून बघायची... ब्लँकेट वर-खाली होतंय ना? मग काउंटरवर जाऊन बसायची. दर अर्ध्या तासानं उठून पुन्हा बघायची.

तिसऱ्या दिवसाची सकाळ उलटली, त्या दुपारी ती मोरीत जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिली.

चौथ्या दिवशी तो उशीला टेकून बसला होता. डोळे खोल गेलेले, पण ओळखीचे.

"तुम्हीच ना... बोटवाल्या मॅडम?"

"ओळखलंत?"

"चेहरा नव्हता आठवत. बोट आठवत होतं."

मग तो रोजच बोलू लागला. सिंचाई विभागात ड्राफ्ट्समन होता. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढायचा. लग्न झालेलं नव्हतं. "आमच्या ऑफिसात आता कॉम्प्युटर यायचाय. तो न पिता रेघा मारतो, त्यामुळे साहेब फार खूश आहेत." एक दिवस केसपेपरच्या पाठीमागे त्यानं पेन्सिलीनं एक रेघ ओढून दाखवली. पट्टी न लावता, इकडून तिकडे, सरळ. शेवटी मात्र किंचित हलली.

"हलली," मृणाल म्हणाली.

"तिथे तुम्ही आत आलात."

ती लाजली... आणि लाजल्याचा तिला रागच आला.

इशिता एकदा तिच्या नकळत खोलीत जाऊन उभी राहिली. "काका, तुम्हाला बाटली का लावलीये?"

"कारण मी आधी फार बाटल्या लावल्या, ताईसाहेब."

इशिता खुदकन हसली. मृणालनं येऊन तिला दंडाला धरून बाहेर नेलं, जरा जास्तच जोरात. परत आली तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता.

"ओढून नेलंत तिला," तो म्हणाला. "बरं केलंत. आणखी एक सांगू? तुम्ही जवळ आलात की श्वास आत ओढता. दोन दिवस मला वाटत होतं, की आपण आवडलो. मग लक्षात आलं... वास बघता."

"हो. वास बघते."

"अक्कापण बघते."

मृणालनं थर्मामीटर झटकला, डबीत ठेवला, दारापर्यंत गेली. मागे न वळता म्हणाली, "दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात."

सहाव्या दिवशी तिनं त्याला सुहासबद्दल सांगितलं. सगळं. शपथ, साखर, चहाचा कप. तो उशीवरून सरळ होऊन बसला. मग म्हणाला, "म्हणजे त्यानं पाळली."

"काय?"

"शपथ. त्यानं पाळली, मृणाल."

दोन वर्षांत सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की सुहास दारूनं गेला. नातेवाईक, शेजारी, खुद्द सासूबाई. हे वाक्य कोणीच बोललं नव्हतं. ती तिथेच स्टुलावर बसून रडली, आणि पट्ट्यांच्या वळांनी निळं पडलेलं त्याचं मनगट तिच्या हातावर येऊन थांबलं. हलत नव्हतं ते.

त्या संध्याकाळी तिनं कपाटातली हिरवी साडी काढली. इशिताला म्हणाली, रविवारी रामघाटावर नावेत बसायला जाऊ. आणि कोण येणार? इशितानं विचारलं. "बघू," मृणाल म्हणाली. या माणसाला घरात घ्यायचं का, एवढा एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे जवळजवळ तयार होतं.

सातव्या दिवशी दुपारी, मृणाल घरी गेल्यावर, दवाखान्याचा निरोप मिळून रतलामहून अक्का आली.

अक्का वाईट नव्हती. आईविना भावाला तिनंच वाढवलं होतं. विहंगचा फोन आला त्याच क्षणी तिनं नवस बोलला होता, आणि उज्जैनला उतरल्याबरोबर आधी तो फेडायला गेली. काळभैरवाला. तिथे नैवेद्य दारूचाच असतो. पुजारी बशीत ओततात, देवाच्या ओठांना लावतात, आणि अर्धी बाटली प्रसाद म्हणून भक्ताच्या हातात परत ठेवतात. अक्कानं आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. पण ही दारू नव्हती, हा प्रसाद होता. देवाच्या ओठाला लागून आलेलं भावाला कसं बाधेल? तिनं पदराखालून बाटली काढली, चमचा काढला, आणि म्हणाली, "बाळ्या, दोन चमचे घे. नाही म्हणू नये. देवानंच सोडवलीये तुझी."

आठव्या दिवशी सकाळी मृणाल हिरव्या साडीत आली. चार नंबरच्या दारात पाय ठेवणार, तोच तो आतून म्हणाला, "तिथेच थांबा. जवळ येऊ नका."

"काय झालं?"

"वास येईल."

मृणालनं चौकट धरली.

त्यानं सगळं सांगितलं. अक्का, नवस, चमचा. सांगताना तिच्याकडे बघत होता, हे त्यातल्या त्यात बरं. "दोन चमचे प्रसाद म्हणून घेतले. मग अक्का डॉक्टरांकडे चौकशी करायला खाली गेली, बाटली टेबलावर होती... ते मात्र प्रसाद म्हणून नाही घेतलं. उगाच देवावर कशाला घालू? मला हवी होती म्हणून घेतली. सगळी."

"सात दिवस झाले होते," मृणाल म्हणाली. आवाज आपला वाटतच नव्हता.

"हो."

"सात दिवस, विहंग..."

"मला तुम्ही हव्या आहात," तो म्हणाला. "रात्रभर झोपलो नाही. वाटलं, हे सांगितलं नाही तर ते सांगायचा हक्क नाही. आता दोन्ही सांगून झालं."

ती काउंटरवर गेली. रजिस्टर उघडलं, बंद केलं. बाहेर बाकावर अक्का तोंडात पदर खुपसून बसली होती. "मला काय ठाऊक, ग बाई," ती पुन्हापुन्हा म्हणत होती, "मला कुणी सांगितलंच नाही." मृणालला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडता येईना. ती जाऊन तिच्या शेजारी बसली फक्त.

डॉक्टर रागावले, मग पुन्हा सलाईन लावलं. या वेळी मुंग्या आल्या नाहीत, हात बांधावे लागले नाहीत. पण बोलणं संपलं होतं. मृणाल गोळ्यांची वेळ बघायची, नाडीचा आकडा लिहायची, आणि बाहेर यायची. रविवार आला आणि गेला. नावेचं इशितानं विचारलं, तेव्हा मृणाल म्हणाली, थंडी फार आहे.

दहा दिवस पुन्हा पूर्ण झाल्यावर एका मंगळवारी अक्काचे यजमान त्याला इंदोरला पोचवायला आले. मृणाल देवासगेटच्या बसस्टँडवर आली ती डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिपोर्ट द्यायला... असं तिनं काउंटरवर सांगितलं होतं. यजमान तिकिटाच्या रांगेत होते. विहंग पिशवी पायाशी ठेवून उभा होता, निळ्या मफलरमध्ये, आठ-दहा वर्षांनी मोठा दिसत.

"तीन महिने," तो म्हणाला. "पत्र लिहू का?"

कंडक्टर इंदोर-इंदोर ओरडत होता. मृणालनं रिपोर्टचं पाकीट त्याच्या हातात दिलं. हे वाक्य तिनं चार दिवस घोळवलं होतं, तरी तोंडातून बाहेर पडताना ते जड गेलं.

"तुम्ही मला फार आवडता," ती म्हणाली. "म्हणूनच घराचा पत्ता देणार नाही. माझ्या घरात लहान मुलगी आहे, विहंग. तिचा एक बाप जाऊन झालाय."

त्यानं पाकीट पिशवीत सरकवलं. मग मान हलवली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मीसुद्धा मला दिला नसता."

आणि हसला. त्या हसण्यात आर्जव नव्हतं, रुसवा नव्हता. निदान तेवढं तरी तिला त्यानं सोपं करून दिलं. तो चढला, खिडकीशी बसला. बस सुटली. त्यानं हात हलवला नाही, तिनंही नाही.

मृणालनं ऑटो केला नाही. चालत निघाली. वाटेत तिनं ठरवून टाकलं—दिवस मोजायचे नाहीत. इंदोरला चौकशी करायची नाही, अक्काला फोन करायचा नाही, मार्चकडे डोळे लावून बसायचं नाही. अगदी पक्कं ठरवलं, दात आवळून ठरवलं.

माधवनगर येईपर्यंत ते मोडलं होतं.