क्यू कंपनीचा घोडेस्वार

कुत्र्याचं लायसन काढायला निघालेला माणूस कोराच्या दारात आला, यात त्याची काहीच चूक नव्हती. व्हर्जिनियातल्या त्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सगळी दारं सारखीच. बाहेर गारा पडत होत्या. त्याच्या टोपीवरून पाणी निथळत होतं आणि कडेवर एक भिजलेलं, रुसलेलं बीगल कुत्रं होतं.

"लायसन शेजारच्या खोलीत," कोरा म्हणाली.

पण त्याची नजर भिंतीवर खिळली होती. जिल्ह्याच्या इतिहास मंडळासाठी कोरानं खपून मांडलेला पसारा होता तो, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या घोडदळाचा. कुठल्या गावची कंपनी कुठल्या बटालियनमध्ये शिरली, त्यातून कुठली रेजिमेंट उभी राहिली, कुणाचा नंबर बदलला, शिपायांनी मतं देऊन कुठल्या कॅप्टनला घरी बसवलं... रंगीत दोऱ्यांचं नुसतं जाळं!

"यात क्यू कंपनी कुठेय, मॅडम? आमचे खापरपणजोबा तिच्यात होते. एझरा शिफ्लेट. मी ग्रेडी."

कोराला हसूच येणार होतं. रेजिमेंटमधल्या कंपन्यांना ए, बी, सी अशी अक्षरं असायची, आणि ती के पाशीच संपायची. या घोडदळात शिपाई घरून आपापला घोडा आणायचे. घोडा मेला किंवा लंगडा झाला, की स्वार मागे, सामानाच्या गाड्यांबरोबर. अशा बिनघोड्याच्या स्वारांना बाकीचे चिडवायचे – क्यू कंपनी! एका वाक्यात सांगून टाकायचं काम. पण त्याचे डोळे इतके उत्सुक होते, की...

"शोधावं लागेल," ती म्हणाली. "गुरुवारी याल?"

तो आला. पुढच्याही गुरुवारी आला, हॅम बिस्किटं घेऊन. ज्या गुलामगिरीसाठी ते सैन्य लढलं, तिचा दोघांनाही पुळका नव्हता. पण एक साधा माणूस एवढ्या गोंधळात गेला कुठे, हे कुतूहल काही सुटेना.

"तू दोरा ओढतेस ना, तेव्हा जीभ बाहेर काढतेस," एकदा तो म्हणाला.

"दोऱ्याकडे बघ."

"बघतोय की... मध्ये तू येतेस, मी काय करू?"

कोराचे कान तापले. आज सांगू, उद्या सांगू, करत ती गप्पच राहिली. सांगितलं, तर गुरुवार संपणार होते.

मग एक दिवस तो अवेळीच आला, खुशीत. "आजोबांनी एझराच्या थडग्यासाठी दगड घेतलाय! आख्ख्या चर्चला आमंत्रण देऊन बसलेत. चाललोय कोरायला द्यायला – 'क्यू कंपनी, व्हर्जिनिया घोडदळ'. बरोबर ना?"

कोरानं हातातला दोरा खाली ठेवला.

"थांब, ग्रेडी. अशी कंपनीच नव्हती." तिनं एका दमात सगळं सांगितलं. घोडा, सामानाच्या गाड्या, चिडवणं... "आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

त्याचं हसू मावळलं. "पहिल्या दिवसापासून? मग ते गुरुवार कशासाठी?"

"तू यावास म्हणून."

तो टोपी उचलून दारापर्यंत गेला. कोराला रडू फुटणार होतं, पण ती जागची हलली नाही. चूक तिचीच होती.

दारातच तो थबकला. "आजोबांचं तोंड कसं होईल माहितीये? चिडलोय मी, कोरा. खूप चिडलोय." मग त्यानं भिंतीकडे पाहिलं. "पण... घोडा गेल्यावर असा स्वार करायचा काय?"

"दुसरा घोडा आणायचा. नाही मिळाला, तर पायदळात."

"मग एझरानं काय केलं?"

"ते खरंच माहीत नाही. शप्पथ."

तो परत आत आला. टोपी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढली, तिच्या खुर्चीला अगदी लागून.

"दगड थांबेल. आजोबांना मी समजावतो. पण आता खरं शोधायचं. एझरा तासाभरात सापडला, तर?"

कोरानं या वेळी नजर चुकवली नाही.

"तर लगेच सांगेन," ती म्हणाली. "आणि मग म्हणेन – तरीही थांब."