न तुटणारा दोरा

तुम्हाला पटणार नाही. मलाही पटलं नव्हतं.

पण माझा मामा थापा मारणारा माणूस नाही. तो फ्रिज दुरुस्त करतो. फ्रिजमध्ये बिघाड नसेल तर तसं सांगून रिकाम्या हाताने परत येतो. असल्या सरळ माणसाची हे सांगताना बोबडी वळली होती, म्हणून लिहितोय.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरची गोष्ट. शहराबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. खड्ड्यात पाणी साचून तिचं तळं झालंय. मामा आणि त्याचा साडू सुट्टीच्या दिवशी तिथे गळ टाकून बसायचे. साडू वेल्डर. दोघं एका वयाचे, अरे-तुरेतले, आणि भांडायला कारण न लागणारे.

साडूला कार्प हवा. मामाला मांगूर.

आता कार्प पडला लाजाळू. जाड दोरा दिसला की तोंड फिरवतो. आणि मांगूर म्हणजे मिशावालं धूड, त्याच्या खरखरीत जबड्यात बारीक दोरा टिकत नाही. दोघांना चालेल असा एकच दोरा घ्यायचा, असं मामाने ठरवलं.

दुकानदार काकांनी एक रीळ पुढे ठेवलं.

"हा घ्या. पाण्यात दिसणार नाही, आणि माणूस लटकला तरी तुटणार नाही. फक्त गळाजवळ हातभर कच्चा दोरा जोडा."

"तो कशाला?"

"नको ते अडकलं तर हिसका देऊन सोडता यावं म्हणून. आम्ही सगळे जोडतो."

मामा हसला. "तुटायला कोण दोरा बांधतं, काका?"

"ऐकणार नाही तो," साडू म्हणाला. "फ्यूजच्या जागी खिळा लावणारा माणूस आहे हा!"

कच्चा दोरा जोडला नाही. दुसऱ्यांच्या घरचे फ्यूज बदलणाऱ्या माणसाला एवढं कळायला हवं होतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

सूर्य कलला तेव्हा दोघं काठावर बसले होते. बेडूक ओरडत होते. पलीकडच्या झुडपात पाखरांचा गलका चालला होता. रॉडच्या टोकाला छोटी घंटी. मासा लागला की वाजणारी.

अंधारायला लागलं...

आणि बेडूक गप्प झाले.

एकेक करून नाही. सगळे एकदम.

"पाखरंही थांबली रे," साडू म्हणाला.

घंटी वाजली नाही. पण रीळ फिरायला लागलं.

कार्प लागला की सुसाट पळतो. मांगूर तळाशी जाऊन अंग घुसळतो. हे तसलं काहीच नव्हतं. हातभर दोरा जायचा... थांबायचा. परत हातभर. परत थांबायचा.

विहिरीतून कोणी दोर ओढावा तसा. एक हात. मग दुसरा हात.

"कासव असेल," मामा म्हणाला. त्याला स्वतःलाच ते पटलं नाही.

साडू भित्रा नव्हता. त्याने रीळ घट्ट आवळलं, पंजाभोवती दोऱ्याचे चार वेढे घेतले आणि ओढलं.

पलीकडून ओढ थांबली.

मग साडू पुढे सरकला. बूट चिखलात रुतलेले, तरी सरकला.

"सोड!"

"सुटत नाहीये! वेढे रुतलेत!"

मामाने त्याला कमरेला धरलं. दोघांचं वजन मागे, तरी दोघं पाण्याकडे चालले होते. साडूचे गुडघे पाण्यात गेले. मामाने दोऱ्याला हिसके दिले. दातांनी चावला. दोरा चांगला होता. तुटेना.

साडू रडत होता. धिप्पाड माणूस, लहान पोरासारखा.

मामाच्या खिशात लायटर होता. ओल्या बोटांनी तो पेटेना. पेटेना... पेटला. ज्योत लागताच दोरा वितळला आणि दोघं पाठीवर आदळले.

पाण्यात काही उसळलं नाही. आवाजही नाही. तुटलेलं टोक मात्र सावकाश आत गेलं. हातभर... थांबून... हातभर.

साडूच्या हातातले वेढे सोडवले, सगळं तिथेच टाकलं आणि दोघं मोटरसायकलवर बसून पळाले. घरी कोणाला काही सांगितलं नाही.

पण साडूच्या वर्कशॉपच्या किल्ल्या पिशवीत राहिल्या होत्या. सकाळी उन्हात परत जावं लागलं.

पिशवी होती. रॉड होता. रॉडमधून निघालेला दोरा गवतावर पडला होता.

मामाने दोरा उचलला.

दोऱ्यात गाठ होती. गाठीच्या दोन्ही बाजूंना जळून काळी पडलेली टोकं. रात्री जे टोक पाण्यात गेलं होतं, ते कोणीतरी परत जोडलं होतं.

"ही गाठ पाण्यात नाही मारता येत," साडू हळूच म्हणाला. "आपलं टोक इथे होतं. काठावर यावं लागतं."

गाठीपुढचा दोरा पाण्यात जात नव्हता. चिखलातून वर चढत होता. पायवाटेने. रस्त्याकडे. ज्या बाजूने ते काल पळाले होते, त्या बाजूला.

साडूचं घर त्याच रस्त्याला. घरी त्याची बायको एकटी होती.

त्याने फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"अगं, बरी आहेस ना?"

"मला काय झालंय? तुम्ही निघालात आणि दार वाजलं. उघडलं तर कोणी नाही. उंबरा तेवढा ओला होता. पुसला मी."

"आता उघडू नकोस. कोणालाही. माझा आवाज आला तरी उघडू नकोस."



"असं काय करता?" ती म्हणाली. "मघाशीच नाही का आलात? मला वाटलं आतूनच फोन करताय. आत झोपलायत ना तुम्ही..."

दोघं घरी पोचले तेव्हा ती रस्त्यावर शेजारणीला घट्ट धरून उभी होती. आत कोणी नव्हतं. गादी मात्र पिळून पाणी निघेल इतकी ओली होती.

साडूने ते घर सोडलं. आता नवरा बाहेरून आला की ती त्याला बाहेरच उभा करते, आधी आतल्या सगळ्या खोल्या बघते, आणि मगच त्याला आत घेते.