अळणी भाकरी

चार्टरच्या, म्हणजे हौशी गिऱ्हाइकांना होडीतून मासे धरायला न्यायच्या, आदल्या दिवशी आमच्या घरात लग्नघरासारखी धांदल असते. बर्फ सांगायचा, गळाला लावायला बाजारातून माकुल आणि बांगडा आणायचा, जिवंत कोळंबीचा टब होडीवर चढवायचा, लाइफ जॅकेटांचे पट्टे ओढून बघायचे, थर्मास उकळत्या पाण्याने विसळायचा. गळ टाकायला येणारी मंडळी परळच्या टॉवरांतली. त्यांच्या रॉडांची ऐट अशी, की माहीमच्या बंदरावरची मांजरंसुद्धा अदबीने बाजूला होतात. पूर्वी हे सगळं माझा नवरा प्रितम बघायचा. आता तयारी मी करते आणि होडी माझा धाकटा दीर जगदीश नेतो.

प्रितम मागच्या गणपतीनंतर गेला. समुद्र ताटासारखा सपाट होता, होडी परतीला लागली होती, गिऱ्हाईक पुढे बसून मासे मोजत होतं. कोणीतरी चहा मागायला मागे वळलं, तर सुकाणूजवळ कोणी नव्हतं. कोळीवाड्यातल्या सगळ्या होड्या त्याला शोधायला गेल्या. अंग मिळालं नाही.

मी दादरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. भिंगाखाली दिसेल तेवढंच खरं मानायची मला सवय. म्हणून माझ्या सासूने, गुणवंतीआयेने, पहिल्यांदा प्रितमचा डबा भरला तेव्हा मी मनात हसले होते. आमच्या घरात रीत अशी, की दर्यात हरवलेल्याचं क्रियाकर्म वर्ष सरेपर्यंत करायचं नाही. तोवर त्याची होडी निघाली की त्याचा डबा होडीवर जायचा. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, दोन्ही अळणी. बंदराबाहेरच्या मोठ्या खडकाच्या पलीकडे गेलं की जगदीशने तो पाण्यात रिकामा करायचा.

"मीठ का नाही, आये?" मी विचारलं होतं.

"मीठ खाल्लं की त्याला जागाया लागतं गो. हरवलेल्याला असं घराशी बांधू नये. दर्या फुकट काय देत नाय."

डबा दर खेपेला धुतल्यासारखा लख्ख परत यायचा. मला वाटलं, जगदीशच खातो. खाऊ दे बिचारा, पण मग आयेला फसवतो कशाला? एकदा मी कालवणात मूठभर हिरव्या मिरच्या वाटून घातल्या. जगदीशला तिखटाचं वावडं, साध्या वडापावाच्या चटणीने त्याच्या डोळ्यांना धारा लागतात. डबा तसाच लख्ख आला. जगदीशचे डोळे कोरडे होते.

"खरं सांग, जगू. कुठे टाकतोस?"

तो जाळ्याची गाठ सोडवत बसला होता.

"मी टाकतच नाय, वहिनी. खडकाजवळ गेलो ना, की डबा हलका होतो. उघडायच्या आधीच. तू आयेला बोलू नकोस हां."

मी त्याला वेड्यात काढलं. पुढच्या चार्टरला खडकापर्यंत स्वतः होडीवर गेले. डबा मांडीवर घट्ट धरला होता. आधी गरम कालवणाची ऊब कपड्यांतून लागत होती. मग खडकावरचे पक्षी एकदम गप्प झाले आणि ती ऊब गेली. झाकण मी उघडलं. आत एक शितसुद्धा नव्हतं. टबातली कोळंबी सुकाणूपासून लांब, एका कोपऱ्यात ढीग करून बसली होती.

भीती वाटायला हवी होती. मला मात्र रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं. तो जेवत होता. कुठेतरी होता आणि आमच्या घरचं जेवत होता.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. लॅबमध्ये नळ्यांवर चुकीची नावं चिकटवली, साहेबांची बोलणी खाल्ली. पितृपक्ष जवळ येत होता. वर्ष पुरं झालं की आये पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी देणार, आणि डबा बंद. मग तो काय खाणार? मला तो परत हवा होता, कसाही. शहाणपण गेलं खड्ड्यात.

वर्ष सरण्याआधी दोनच चार्टर उरले होते, शनिवार आणि रविवार. शनिवारी पहाटे आये होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावायला बंदरावर गेली आणि डबा माझ्यावर सोपवला. मी उकडीचं पाणी ठेवलं. फळीवरून मिठाची बरणी काढली. पाण्यात मीठ घातलं, कालवणात घातलं. चाखून बघितलं. प्रितमला आवडायचं तसंच झालं होतं.

बंदरावर सी-लिंकचे दिवे अजून विझले नव्हते. परळचा स्वप्नील, दर महिन्याला येणारं आमचं हौशी गिऱ्हाईक, मित्रांना रॉडची माहिती देत उभा होता. जगदीशने बर्फाची पेटी चढवली, टबाला हवेची नळी लावली. मी डबा त्याच्या हातात दिला.

"आज जड लागतोय, वहिनी."

"नीट जा."

तो हसला. "रात्रीला जिताडा खिलवतो तुला. मसाला वाटून ठेव."

होडी दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. मग घरी येऊन खरंच मसाला वाटला. दिवसभर कान बंदराकडे होते.

होडी उन्हं उतरताना आली. स्वप्नील उडी मारूनच उतरला.

"वहिनी, जगदीशदादा आज काय फॉर्ममध्ये होता! आजवर त्याला धड जागा सापडत नव्हती. आज बोट ठेवलं तिथे मासा. दोन जिताडे, एवढा रावस!"

"त्रास नाही ना झाला काही?"

"नाही हो. खडकाजवळ मात्र इंजिन बंद करून खूप वेळ पाण्याकडे बघत बसला. हाका मारल्या तरी ओ देईना. मग एकदम उठला आणि तुमचा तो डबा खायला बसला. असा जेवला, जणू वर्षभर उपाशी होता."

जगदीश सुकाणूजवळ पाठमोरा उभा होता. त्याने दोर फेकला, बांधला आणि माझ्याकडे न बघता घराकडे चालू लागला. आमच्या आळीत वळताना नेहमीच्या वाटेने नाही, मासे सुकवायच्या बांबूंमधून गेला. ती वाट प्रितमची.

आये पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

खूप वेळ बघितलं.

तांब्या तिने खाली ठेवला. त्याच्या हातातला डबा घेतला, उघडला, तळाला बोट लावलं आणि ते जिभेवर टेकवलं.

"खारट हाय," ती म्हणाली.

"समुद्राचं पाणी गेलं असेल," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

तो आत जाऊन भिंतीला टेकून बसला. चेहरा जगदीशचाच होता. ओठावर तेच कोवळं मिसरूड, कानात तीच बाळी. त्याने पाय लांब केले, डोळे मिटले.

"कीर्ती," तो म्हणाला, "चहा टाक गं."

जगदीशने मला कधी नावाने हाक मारली नव्हती.

मी चहा टाकला. साखर न विचारता घातली, प्रितमला लागते तेवढी. त्याने कप घेताना माझी बोटं क्षणभर धरून ठेवली. हात बर्फासारखा गार होता. खोटं कशाला बोलू, मी तो सोडवून घेतला नाही. वर्षभरात मला इतकं सुख झालं नव्हतं.

आतून पीठ चाळल्याचा आवाज आला. आयेने परात घेतली होती, गॅसवर पाणी ठेवलं होतं.

"आये, आता कोणासाठी?"

"उद्या होडी जायची हाय ना. जगूचा डबा."

बाहेरच्या खोलीत तो शीळ घालत होता, अगदी हळू.

आयेचे गाल ओले होते, पण आवाज स्थिर होता. पाण्याला आधण आलं तसं तिने वर न बघता माझ्यापुढे हात पसरला.

"मीठ दे."

"संपलंय," मी म्हटलं आणि बरणी पदराआड घट्ट धरली.