चौथऱ्यावरचा खडा

रविवारी केळघरच्या घाटात चार तास गाडी हलली नाही, तेव्हा जयराजनं फोन काढून गर्दी नसलेली ठिकाणं शोधायला सुरुवात केली. आम्ही चौघं विट्याचे, आणि साताऱ्यात इमामचाचांची गाडी केली होती. चाचांनी आरशातून बघितलं. "फोनला काय ईचारतोस गड्या? तीस वरसं गाडी चालवतोय, मला ईचार की." त्यांनी गाडी मागं वळवली, मेढ्यावरून वर काढली आणि आम्हाला ह्या वाडीत आणून सोडलं. साळूकाकींच्या दोन खोल्या, समोर खाचरं, वर पठार. सोमवारी दिवसभर आम्ही पठारावर हिंडलो. दुसरं माणूस दिसलं नाही.

रात्री जेवणं झाली. लाईट गेली होती. काकींचे मालक, आकारामकाका, ताटावरून आधी उठले. त्यांनी हात धुतले, बॅटरी घेतली आणि धुक्यात निघून गेले. आम्ही पडवीत बसलो. उद्या पंचमी होती.

सोनियानं विचारलं, "चाचा, काकी सकाळी म्हणाल्या, खिंडीतल्या चौथऱ्यावर एकेक खडा ठेवून वर जावा आणि उतरताना उचला. कशासाठी?"

चाचांनी आतल्या दाराकडं बघितलं. दार लोटलेलं होतं. ते म्हणाले, "हळू बोल." मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

ह्यो रिवाज लय जुना हाय. वर धुकं उतरलं की आपलाच हात आपल्याला दिसत न्हाई. म्हणून वर जाणाऱ्यानं एक खडा ठेवायचा, खाली आला की उचलून टाकायचा. दिवेलागणीला जो कोण खिंडीतनं जाईल त्यानं चौथऱ्याकडं बघायचं. मोकळा आसला तर गुमान घरी जायचं. खडा दिसला तर घर न्हाई, बत्ती घिऊन वर जायचं. मग तो खडा भावकीतल्या वैऱ्याचा का आसंना.

आत्ता बाहीर गेला तो आकाराम. महाबळेश्वरच्या स्टँडवर आमच्या गाड्या शेजारी शेजारी लागायच्या. त्याला एकच पोरगी, उत्कर्षा. लय तोंडाळ. मला म्हणायची, "चाचा, तुमी पाव्हण्यांना पॉइंटावर न्हेऊन काय दाखवता? फुडच्या माणसाची पाठ?" म्या म्हणायचो, "बाई, त्याच पाठीवर माझी चूल पेटती." साताऱ्याला शिकली, नोकरी लागत व्हती, ती सोडून हितं आली. ह्या दोन खोल्या तिनंच काढल्या. खिंडीत पाटी बघितली न्हवं तुमी? 'गर्दी नको असेल तर इकडे या.' ते अक्षार तिचं. बापाला म्हणली, दोन वरसांत तुमास्नी स्टँडवरनं घरी आणते. आकाराम स्टँडवर सगळ्यांना सांगत सुटला व्हता, माझी पोरगी मला पेन्शन देणार हाय म्हणून.

आता नीट ऐका. तारीख माझ्या ध्यानात हाय. दोन हजार बावीस, तेरा ऑगस्ट, शनिवार. सोमवारी झेंडा, म्हंजे तीन दिवस सुट्टी. महाबळेश्वरात मुंगीला वाट न्हवती. आणि हितं उत्कर्षाकडं पुण्याचं एक कुटुंब आलेलं. नवरा-बायकू, दोन पोरं आन् म्हातारी आय. ती त्यांना घिऊन वर गेली. त्यांचं पाच खडं, तिचा सहावा.

दुपारी चारला धुकं आलं. समदी उतरायला लागली, तर निम्म्या वाटंत म्हातारीच्या ध्यानात आलं, चष्मा वर ऱ्हायला. उत्कर्षा म्हणली, "तुमी उतरा. वाट सरळ हाय. मी आलेच." ती परत वर गेली.

ती माणसं खिंडीत आली. पंधरा-वीस मिनिटं थांबली. पोरं गारठून रडायला लागली. तिनंच बजावलेलं, माझी वाट बघू नका, माझं घर हितंच हाय. आन् जाताना त्या बाप्यानं खडं उचललं. मानसाचं चांगुलपण बघा... त्यानं साही उचललं. म्हणला, तीबी मागनं येतीच हाय, तिला कशाला परत वाकायला लावा.

एवढंच. दुसरं काय केलं न्हाई त्यानं.

सात वाजता आकाराम खिंडीत आला. चौदा तास गाडीवर बसलेला. चौथऱ्यावर उजेड टाकला. मोकळा. पाव्हण्यांची गाडी गेलेली. पोरगी सकाळी बोलली व्हती, जमलं तर त्यांच्याच गाडीनं मेढ्याला मावशीकडं जाईन. गेली आसंल, म्हणला. फोन करावा तर हितं रेंज कवा आसती? घरी आला, दोन घास खाल्लं, आडवा झाला.

आकराच्या सुमाराला साळूबाई उठून बसली. म्हणली, "आवं, वर शिट्टी वाजतीया."

उत्कर्षाच्या गळ्यात शिट्टी आसायची. पाव्हणं चुकू नयेत म्हणून.

आकारामनंबी ऐकली. म्हणला, "वर कोण न्हाई. चौथरा मोकळा हाय, म्या बघून आलो."

"तरी जाऊन या की."

"आगं, खडा न्हाई तर कुणासाठी जाऊ? वारं हाय ते. नीज."

शिट्टी दोन वाजंस्तोवर येत व्हती. मग थांबली.

सकाळी गुराख्यांना घावली. पाय मोडलेला. कड्याच्या अलीकडं घळीत पडलेली. रातभर पाऊस अंगावर. हातात म्हातारीचा चष्मा व्हता. काचसुदिक फुटली न्हवती.

तो पुण्याचा माणूस नंतर आला व्हता. ह्या उंबऱ्यावर डोकं आपटून रडला. आकारामनं त्याला उठवून बसवलं, चहा पाजला. त्याला काय बोलायचं? मला म्हणला, "इमाम, त्यानं खडा उचलला. पर शिट्टी म्या ऐकली व्हती."

त्यानंतर त्यानं वाडी सोडली. स्टँडवरच गाडीत झोपायचा. कवा आलाच तर चौथऱ्याकडं बघायचा न्हाई. मान दुसरीकडं करून गाडी काढायचा. साळूबाई हितं एकटी. पाव्हणं आलं की भाकरी थापायची, पोरीनं चालू केलंय ते बंद पडू नये म्हणून.

चाचा थांबले. कंदिलाची वात त्यांनी खाली केली. जयराज खिशात हात घालून बसला होता. चाचांनी पुढं सांगायला सुरुवात केली.

फुडल्या वरसाची गोष्ट. दोन हजार तेवीस, वीस ऑगस्ट, रविवार. दुसऱ्या दिशी पंचमी. साळूबाईनं आकारामला निरोप धाडला. पंचमीला लेकी म्हायेरी येत्यात. येताना पोरीला बांगड्या आणा. हिरव्या, सव्वादोनच्या मापाच्या.

मेढ्यात बांगड्यांचं दुकान माझ्या घरवालीचं, शबानाचं. आकाराम दुकानात आला आन् उभाच ऱ्हायला. माप सांगवंना त्याला. शबाना म्हणली, "दादा, माप हाय माझ्याकडं. दर पंचमीला मीच भरत व्हते की तिचं हात." तिनं डझन काढलं, कागदात गुंडाळलं, दोरा बांधला. तिची गाठ दात लावल्याबिगर सुटत न्हाई. म्या म्हणलं, मुक्काम कर, वर धुकं हाय. म्हणला, न्हाई, साळू वाट बघतीया. साडेआठला निघाला.

पावणेदहाला खिंडीत पोचला. धुक्यानं गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली. वळणावर उजेड चौथऱ्यावर पडला. त्याला बघायचं न्हवतं. पर दिसलं.

एक खडा.

त्यानं गाडी थांबवली. खाली उतरला. सगळीकडं हाका मारल्या. वाडीत तवा कोण पाव्हणं न्हवतं. गुरं दिसभर गोठ्यात. वर कोण जाणार? पर खडा हाय म्हंजे हाय. ह्या बारीला त्याचा पाय घराकडं वळंना. बांगड्यांची पुडी सदऱ्यात घातली. बॅटरी घेतली. चढाय लागला.

निम्म्या वाटंत... शिट्टी.

एकदा. मग गप.

तो पळाय लागला. पडला. उठला. शिट्टी फुडं. जरा वर. त्यानं हाक मारली, उत्कर्षा... 

काय न्हाई. नुसतं पानी गळतंय.

परत शिट्टी. घळीकडनं.

तीच घळ.

बॅटरीच्या उजेडात पोरीचं पाय दिसलं. आकाराम धावत जाऊन तिच्याजवळ बसला. मग पोरगी हलली. दुसरीच व्हती. सांगलीची, कॉलेजातली. दोस्तांबरूबर कोयनेच्या अंगानं चढलेली आन् धुक्यात चुकलेली. खिंडीतनं ती आलीच न्हवती, खडा काय ठेवणार? पाय मुरगाळून सुजलेला. थंडीनं दात वाजत व्हतं. आकारामला बघून म्हणली, "काका, तुमी त्या ताईचे बाबा का?"

"कुठली ताई?"

"इथं बसली होती. ती शिट्टी वाजवत होती. मी घाबरले तर म्हणाली, भिऊ नको, माझे बाबा येतील. आज मी खडा दिसेल असा ठेवलाय. बाबा माझ्या बांगड्या आणायला गेलेत, येताना इथूनच येतील."

आकारामनं चारी अंगाला उजेड फिरवला. धुकं.

आन् तवा वरनं शिट्टी आली. कड्याकडनं. लांब. एकदाच.

आता सांगा पोरांनो. हितं जित्ती पोर, पाय मुरगाळलेली, गारठलेली. दुसऱ्याची लेक. आन् वर...

त्यानं काय करायचं?

त्यानं त्या पोरीला पाठीवर घेतलं आन् उतारला लागला. शिट्टी मागं वाजत व्हती. दर जरा वेळानं. तो थांबायचा. ती पोरगी पाठीवर हुडहुडायची. तो परत चालायचा. मला हे सांगताना लहान पोरावानी रडला. म्हणला, "इमाम, म्या तिला दुसऱ्यांदा वर टाकून आलो रं."

खिंडीत आल्यावर त्या पोरीला गाडीत बसवलं. चौथऱ्याफुडं उभा ऱ्हायला. खडा उचलंना त्याच्यानं. उचलला तर ती आली म्हणायची. पर ती कुठं आली व्हती? बांगड्यांची पुडी खड्याशेजारी ठेवली आन् पोरीला दवाखान्यात न्हेलं. सकाळी दोघं नवरा-बायकू आले तर खडा न्हाई, पुडीबी न्हाई. म्या म्हणलं, न्हेली आसंल कुणा गुराख्यानं. म्हणायला काय जातंय.

तवापासनं आकाराम परत घरी ऱ्हायला लागला. गाडी इकली. गेल्या वरसाला पंचमीच्या आदल्या राती खडा परत दिसला. ह्यो वर गेला. शिट्टी फुडं फुडं, हा मागं मागं, कड्यापत्तर. उजाडंस्तोवर तिथं बसला. एकटाच खाली आला.

आज परत तीच रात हाय. मघाशी जेवून गेला, तो खिंडीत बसलाय. खडा कवा दिसतोय म्हणून. सदऱ्यात बांगड्यांची पुडी हाय, शबानानं कालच बांधून दिल्याली.

चाचांचं सांगून झालं. खाचरातला पाण्याचा आवाज तेवढा येत होता. जयराजनं खिशातला हात बाहेर काढला. मूठ उघडली. तळव्यावर सुपारीएवढा काळा खडा होता.

"हे काय रं?" चाचांनी विचारलं.

"चाचा... आम्ही वर जाताना चारच ठेवले होते. चौथरा मोकळाच होता, सोनियानं फोटोसुद्धा काढलाय. संध्याकाळी उतरलो तर पाच खडे होते. मला वाटलं, आमच्या मागनं कुणीतरी जाऊन आला असंल, उचलायचा विसरला असंल... म्हणून चांगुलपणानं उचलला." त्यानं मूठ परत मिटली. "मी टाकणार होतो. टाकायचा राहिला."

चाचांनी कंदील त्याच्या मुठीजवळ धरला.

मागं दार वाजलं. साळूकाकी उंबऱ्यात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या जयराजसमोर येऊन बसल्या आणि पदर पसरला. रागावल्या नाहीत.

"दे बाळा," त्या म्हणाल्या. "खडा नसला तर तिचा बा वर कसा जाईल?"

जयराजनं खडा पदरात टाकला आणि तोंड झाकून घेतलं. काकींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पदराला गाठ मारली आणि पायात चप्पल न घालताच निघाल्या. चाचा कंदील घेऊन त्यांच्या मागं गेले. आम्ही चौघं अंधारात एकमेकांना धरून बसलो. बऱ्याच वेळानं खिंडीच्या बाजूनं बॅटरीचा एक ठिपका वर चढताना दिसला, मग तो धुक्यात गेला. शिट्टी ऐकू आली असं सोनिया म्हणते. मी कान झाकून घेतले होते.

उजाडताना आकारामकाका एकटेच परत आले. काकींनी त्यांच्या पायांवर गरम पाणी ओतलं आणि पंचमीच्या पुरणाची डाळ चुलीवर चढवली. काकांनी सदऱ्यातून पुडी काढून कंदिलाशेजारी ठेवली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

चाचांनी पुडी हातात घेतली, कानाशी हलवली. आवाज आला नाही. मग त्यांनी ती माझ्याकडं दिली. दोरा घट्ट होता, शबानाचाचींची गाठ होती तशी होती. मी बोटांनी कागद दाबून बघितला. आत बांगडी नव्हती.